‘भूकंप’ इंग्रजांनी बनवला नाही आणि पौर्णिमा बघून येतही नाही

ऐरोलीला नवव्या मजल्यावर राहणारी माझी मावशी पौर्णिमेच्या रात्री खाली पार्किंगमध्ये झोपायला निघाली होती, तेही गुडघे दुखत असताना. कारण सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज. ‘भूकंप’ हा इंग्रजांनी बनवलेला शब्द, आपला खरा शब्द ‘धरणीकंप’; ‘अर्थक्वेक’मधला ‘अर्थ’ संस्कृत; ‘त्सुनामी’ म्हणजे ‘सु-नाम’; आणि प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने दिलेल्या खुणांनुसार येत्या पौर्णिमेला ठाणे-नवी मुंबई हादरणार.

वराहमिहिराचं नाव घेताय ना, मग त्याचा ग्रंथ उघडा. सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’च्या बत्तिसाव्या अध्यायाचं नावच ‘भूकम्पलक्षण’ आहे. तेव्हा इंग्रज कुठे होते? पहिल्या श्लोकात तो ‘क्षितिकम्प’ म्हणतो. भू, क्षिति, धरणी, सगळ्यांचा अर्थ पृथ्वी. एक खरा, दुसरा खोटा असं काही नाही.

‘अर्थक्वेक’मधला ‘अर्थ’ जर्मन ‘एर्ड’च्या कुळातला, त्याचा अर्थ जमीन, आपल्या ‘अर्था’शी नातं नाही. ‘त्सुनामी’ जपानी आहे: त्सु म्हणजे बंदर, नामी म्हणजे लाट.

आता पौर्णिमा. बृहत्संहितेत आधी दिसणाऱ्या खुणा दिल्या आहेत, हे मान्य. पण त्याच पहिल्या श्लोकात भूकंपाची कारणंही आहेत: कोणी म्हणतात पाण्यातल्या प्रचंड प्राण्यामुळे, कोणी म्हणतात पृथ्वीच्या भाराने थकलेले दिग्गज, म्हणजे तिला पेलणारे दिशांचे हत्ती, विसावा घेतात म्हणून. त्या काळी लोक कारण शोधत होते, मतभेद नोंदवत होते. त्यावरून आज ऐरोलीतल्या म्हाताऱ्या माणसांना रात्रभर बाहेर बसवायचं?

किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पौर्णिमेला झाला, हेही खरं. पण ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयना हादरलं तेव्हा पौर्णिमा पाच-सहा दिवस लांब होती. २६ जानेवारी २००१ चा भूज तर अमावास्या उलटल्यावरचा. भूकंपाचा दिवस आणि ठिकाण आधी सांगण्याची पद्धत आजही जगात कुणाकडे नाही. जपानमध्ये इशारा मिळतो तो भूकंप सुरू झाल्यावर, मोठा हादरा पोचण्याआधी काही सेकंद.

भीती खरी असेल तर सोसायटीच्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय घ्या. ठाणे आणि नवी मुंबई भूकंपधोक्याच्या २००२ च्या नकाशात तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, भूकंपक्षेत्रात आहेत. धोका वर्षभर आहे आणि तो इमारतीच्या खांबांशी बांधलेला आहे, तिथीशी नाही. आणि ज्यांनी हा मेसेज ग्रुपवर टाकला, त्यांनी तो तिथेच, सगळ्यांसमोर मागे घ्यावा. मावशीसारखे अजून किती जण अंथरूण गुंडाळून बसले असतील.