दानशूर नव्हे, दुकानदार!

तालुक्याच्या गावात वर्षातून एकदा तरी कुठल्यातरी व्यापाऱ्याला ‘समाजभूषण’ मिळतो. शाल, श्रीफळ, फेटा, आणि प्रत्येक भाषणात ‘दानशूर’. मला हा शब्द खटकतो. पैसे देणारे गावात बरेच असतात, एकदा चेक फाडला की मोकळे. ज्याच्या जिवावर खरं काम चालतं तो माणूस वेगळा. सकाळी नऊला शटर उघडतो, रात्री नऊला लावतो, मधले बारा तास तो हमखास सापडतो. समाजकार्याला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते, आणि सत्कारात तिचा उल्लेखही होत नाही.

रुग्णसाहित्य केंद्राचंच घ्या, म्हणजे आजारी माणसाच्या घरी लागणाऱ्या वस्तू काही दिवस वापरायला देणारी जागा. भुसार किंवा हार्डवेअरच्या दुकानामागे गोदामाचा एक कोपरा. त्यात दोन-तीन फाउलर कॉट (डोक्याकडून-पायाकडून उचलता येणाऱ्या खाटा), चार-पाच वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्च्या, एअर बेड (अंथरुणाला खिळलेल्याला जखमा होऊ नयेत म्हणून पंपाने हवा भरायची गादी), एखादं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र). उद्घाटनाला आमदार येतात, फोटो निघतात. दीड वर्षाने जाऊन बघा. निम्म्या वस्तू कुणाकडे आहेत ते कुणालाच सांगता येत नाही, उरलेल्या निम्म्या मोडलेल्या. हे जिथे होत नाही तिथे हमखास एखादा शेठ असतो, आणि त्याच्याकडे वही असते.

वहीत काय लागतं? वस्तूवर ऑइलपेंटने घातलेला नंबर, नेल्याची तारीख, पेशंटचं नाव, नेणाऱ्याची सही आणि दोन फोन नंबर. दुसरा नंबर दुसऱ्या घरातला हवा, कारण दवाखान्याच्या धावपळीत पहिला लागत नाही. अनामत घ्यावीच. फुकट नेलेली वस्तू माळ्यावर जाते. वॉकरला ५००, कॉटला ३,००० असा अंदाज ठेवला तर नेणाऱ्याला पैसे परत घ्यायची आठवण राहते आणि डोईजडही होत नाही. ज्याला तेवढेही जमत नाहीत त्याच्यासाठी पेठेतल्या एखाद्याची तोंडी हमी पुरते. उधारीवर धंदा केलेल्या माणसाला कोणाची हमी चालते हे शिकवावं लागत नाही.

महिन्याने फोन करायचा. ‘वस्तू कधी आणताय’ असं विचारलं की माणूस दुखावतो आणि पुढे फोनच उचलत नाही. ‘काका, आईंची तब्येत कशी आहे आता?’ एवढंच विचारायचं. वस्तूचा विषय तेच काढतात. घरात कोणी गेलं असेल तर कॉट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आपला टेम्पो पाठवून उचलायची. घरच्यांना ती डोळ्यांसमोर नको असते. मग ती पडवीत जाते, पावसात भिजते, गंजते. अनामतीचा हिशेब मात्र तेराव्यानंतर करायचा.

आता वस्तूंकडे या. वॉकरच्या पायांना रबरी बुचं असतात. ती एका बाजूने झिजतात, आतली धातूची चकती उघडी पडते आणि ओल्या फरशीवर म्हातारं माणूस घसरतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर आधारासाठी दिलेला वॉकरच त्याला पाडतो. म्हणून वस्तू परत आली की आधी ती उलटी करून बुचं बघायची. दुसरं म्हणजे उंची. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे वॉकरची मूठ यायला हवी. आधीच्या सहा फुटी पेशंटच्या उंचीवर ठेवलेला वॉकर पाच फुटी आजींना दिला की त्या खांदे उचलून चालतात आणि चार दिवसांत तो कोपऱ्यात टाकतात. चारही पायांची उंचीची बटणं सारख्याच क्रमांकाच्या भोकात बसली आहेत ना, हेही मोजायचं.

एअर बेडची दुखणी वेगळी. भुसाराच्या गोदामात उंदीर त्याची नळी कुरतडतात, म्हणून पंप आणि नळ्या पत्र्याच्या पेटीत. घरी गेल्यावर लोक त्यावर गोधडी, तिच्यावर चादर, वर रबरी शीट घालतात, मग हवेचा उपयोग शून्य. एक पातळ चादर, बस. आणि एअर बेड आहे म्हणून पेशंटची कूस बदलायचं थांबवायचं नाही. दर दोन तासांनी बदलायचीच. हे नेतानाच सांगावं लागतं.

कॉट साधारण साडेसहा बाय तीन फूट. जुन्या वाड्यांच्या जिन्यात ती वळत नाही. देण्याआधी ‘पेशंट खाली की वर?’ हा प्रश्न विचारला नाही तर टेम्पोचा एक फेरा फुकट. खोललेल्या कॉटचे नटबोल्ट पिशवीत घालून तिलाच बांधायचे. परत आल्यावर १ टक्का हायपोक्लोराइटने (जंतू मारणारं द्रावण) पुसायचं, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुन्हा पुसायचं, नाहीतर लोखंड खातं. गादीचं रेक्झिन तडकलं असेल तर ती गादी मोह न धरता बाद करायची.

कॉन्सन्ट्रेटरबद्दल थोडं कडक बोलतो. २०२१ मध्ये गावोगाव देणगीत आलेली अशी यंत्रं आज कोपऱ्यात आहेत. महिनोन्‌महिने बंद राहिली की आतला चाळणीसारखा पदार्थ दमट हवा शोषतो. मग यंत्र चालतं, आवाज करतं, पण ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली जातो. घरच्यांना कळतही नाही. अधूनमधून ते चालवायचं, फिल्टर धुवायचा, ऑक्सिजन किती टक्के येतो ते तपासून घ्यायचं. डॉक्टरांनी मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन द्यायचा हे लिहून दिलेली चिठ्ठी असल्याशिवाय यंत्र द्यायचं नाही, कितीही ओळखीचा माणूस असो. फुप्फुसाच्या काही जुन्या आजारांत जास्त ऑक्सिजन घातक ठरतो.

हळूच विचारला जाणारा एक प्रश्न असतो : ‘ही कॉट आधी कोणाकडे होती?’ काहींना त्या घरात मरण झालं का ते विचारायचं असतं, काहींना त्या घराची जात. उत्तर एकच, ‘धुऊन-पुसून ठेवलीय’. नाव सांगायचं नाही. वर्ध्यात गांधीजींचे सहकारी, व्यापारी जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुलं केलं. पैसे तर त्यांनी आयुष्यभर दिले, पण जातवाल्यांचा रोष पत्करून स्वतःचं देऊळ उघडणं हे मला त्या सगळ्या देणग्यांपेक्षा मोठं वाटतं. पेठेतल्या माणसाला हा रोष थेट गिऱ्हाइकीत मोजावा लागतो.

रक्तदान शिबिरालाही दुकानदाराचीच नजर लागते. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं. तरी सगळी मंडळं २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि नेत्याचा वाढदिवसच धरतात. त्या आठवड्यात पिशव्या उतू जातात, आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, नातेवाईक रक्तासाठी वणवण करतात. तारीख बघून माल भरणाऱ्याला हे पटकन कळतं. रक्तपेढीला विचारून मेमधली तारीख घ्या, सकाळी लवकर सुरू करा, आणि ‘उपास आहे’ म्हणणाऱ्याला आधी पोहे खाऊ घाला.

या सगळ्यात एक धोका आहे. अशा माणसाचं काम त्याच्या डोक्यात आणि शर्टाच्या खिशात असतं. ट्रस्ट केला असला तरी विश्वस्त म्हणजे तो, बायको, दोन भाऊ आणि एक मित्र. विश्वस्त वारला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, द्यावा लागतो, तो कोणी देत नाही. मग बँकेत सह्या जुळत नाहीत, खातं अडतं आणि गोदामाला कुलूप लागतं. शेठना पुरस्कार देणाऱ्यांनी त्याच दिवशी पस्तिशीतले दोन विश्वस्त घ्यायला लावावेत, वहीही त्यांच्या हाताने लिहायला सुरुवात करावी.

आणि देणगी द्यायचीच असेल तर नवी व्हीलचेअर घेऊन फोटोला उभं राहण्याआधी दुकानात जाऊन विचारा, काय संपलंय. बहुतेक वेळा उत्तर येईल : वॉकरची बुचं, कॉटची चाकं, नाहीतर टेम्पोचं डिझेल.