पंप ओढत राहिले, मूळ कारण जन्मातच होतं

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसं मोठेपणीही कमी पडू शकतात, हे एका लेखात वाचलं आणि लिहिल्यावाचून राहवलं नाही. मी सातव्या महिन्यातली, १,१०० ग्रॅमची. आई सांगते, पेटीतून बाहेर काढलं तेव्हा गालांवर नळीच्या चिकटपट्टीचे वळ होते. पुढे जिना चढताना धाप लागायची; सगळे म्हणायचे दमा. वर्षानुवर्षं दम्याचा पंप ओढला, फरक जेमतेम. तिशीत एका छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी) केली आणि विचारलं, "जन्मलात तेव्हा पूर्ण दिवसांच्या होतात का?" तोवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता! गरोदरपणाच्या २८व्या आठवड्यात वायुकोश, म्हणजे फुप्फुसांतले हवेचे बारीक फुगे, नीट तयारच झालेले नसतात. फुप्फुसांची ताकद विशीत सर्वाधिक असते, मग प्रत्येकाचीच उतरते. आमची सुरुवातच खालून.

म्हणून कळकळीने सांगते, एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) डिस्चार्ज कार्ड फेकू नका. माझं आईने रेशनकार्डाच्या पिशवीत जपलं होतं, म्हणून डॉक्टरांना व्हेंटिलेटरचे दिवस मोजता आले. आणि अशा मुलासमोर घरात कुणी सिगरेट ओढत असेल, मग ते आजोबा का असेनात, त्यांना स्पष्ट सांगा.