पॅरिसचे ‘आर्किटेक्ट’ ओसमान? खुलासा

‘जॉर्ज-युजेन ओसमान या आर्किटेक्टने आजचे पॅरिस घडवले, आयफेल टॉवरही त्याच्याच आराखड्यातला,’ असा मजकूर फोटोंसह फिरतो आहे.

ओसमान आर्किटेक्ट नव्हते आणि इंजिनिअरही नव्हते. कायदा शिकून ते सरकारी नोकरीत शिरले, लहान गावांत उपप्रीफेक्ट (प्रीफेक्ट या जिल्हाप्रमुखाच्या हाताखालचा अधिकारी) म्हणून वर्षानुवर्षे राबले. पुढे वार, योन, जिरोंद असे जिल्हे सांभाळत 1853 मध्ये पॅरिस ज्यात येई त्या सेन जिल्ह्याचे प्रीफेक्ट झाले. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे पद, पण हाताखाली सगळी राजधानी! पॅरिसच्या नव्या रुंद रस्त्यांची मूळ कल्पना फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याची. रंगीत रेघा मारलेला नकाशा बादशहानेच हाती दिल्याचे ओसमान स्वतः आठवणींत सांगतात. पाणी आणि गटारे इंजिनिअर बेलग्राँ यांनी पाहिली, बागा इंजिनिअर आल्फाँ यांनी, ऑपेराची इमारत आर्किटेक्ट गार्निए यांची. ओसमान यांचे कसब वेगळे होते: जमीन ताब्यात घेणे, कर्ज उभारणे, माणसे निवडणे. याच कर्जांवर राजकारणी जूल फेरी यांनी झोड उठवली आणि जानेवारी 1870 मध्ये ओसमान यांना पद सोडावे लागले. आयफेल टॉवर 1889 चा, म्हणजे त्यानंतर 19 वर्षांनी उभा राहिलेला.

‘रुंद रस्ते फक्त दंगेखोरांवर तोफा डागायला’ असेही म्हटले जाते, तेही अर्धेच खरे. जिथे दंगली होत तो जुना भाग फोडून रस्ते काढल्याचे समाधान ओसमान यांनी लपवले नाही, पण हवा, पाणी आणि रेल्वे स्थानकांपर्यंतची वाट ही कारणेही तितकीच मोठी होती.