व्हिडिओ अडखळतो म्हणून मागितलेली रॅम आम्ही का घातली नाही: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. संगणक आमच्या दुकानात दुरुस्तीला देऊनही फोनवर काढलेले व्हिडिओ अजून अडखळतात, तुम्ही स्वतःहून रॅम (संगणकाची कामाची मेमरी) मागितली तरी आम्ही ती घातली नाही, नुसता ड्रायव्हर (संगणकाचा एखादा भाग विंडोजला चालवू देणारा प्रोग्रॅम) टाकून मजुरी लावली, आणि रात्री यूट्यूबसुद्धा मध्येच थांबतं, असं तुम्ही लिहिलंय. घरच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ सगळ्यांना बसवून दाखवायला घ्यावेत आणि ते दर दोन सेकंदांनी अडकावेत, यानं कुणाचाही जीव वैतागेल. त्यामुळे तुमचा राग मी समजू शकतो. पण रॅम न घालण्याचा निर्णय विचार करून घेतला होता आणि आजही मी तोच घेईन. का, ते इथेच सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न घेऊन बरेच लोक येतात.

संगणक आला तेव्हा त्याला दोन वेगवेगळी दुखणी होती. पहिलं असं की विंडोज नव्यानं टाकलेलं होतं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' एवढंच दिसत होतं. म्हणजे ग्राफिक्स चिप जागेवर होती, पण तिचा ड्रायव्हरच नव्हता. अशा वेळी पडद्यावरचं सगळं चित्र रंगवायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. काउंटरवर तुमच्यासमोर साधी एक खिडकी माउसनं इकडून तिकडे ओढली तर तीसुद्धा झटके देत सरकत होती, ते तुम्ही पाहिलंत. योग्य ड्रायव्हर घातल्यावर खिडकी सुळकन सरकली आणि यूट्यूबचा 1080पी व्हिडिओ एकही झटका न देता चालला. मजुरी लावली ती नेमकं कुठे अडतंय ते शोधून दुरुस्त करण्याची. त्यात नवीन सुटा भाग लागला नाही, पण दुरुस्ती ती दुरुस्तीच.

दुसरं दुखणं तुमच्या फोनच्या फाइलींचं. ते तुम्ही संगणक परत नेतानाच आम्ही सांगितलं होतं आणि बिलावर लिहूनही दिलं होतं. तुमचा फोन 4के आकारात, सेकंदाला 60 चित्रं, एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या प्रकारात रेकॉर्ड करतो. या प्रकारात फाइल लहान होते, पण ती उलगडायला गणित फार लागतं. 60 चित्रांच्या हिशोबानं एका चित्राला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ते तयार झालं नाही की प्लेअर ते सोडून पुढे जातो, आणि आपल्याला झटका दिसतो. आवाज उलगडणं हलकं असतं, म्हणून तो व्यवस्थित चालू राहतो. आवाज नीट आणि चित्र मागे, हे लक्षण दिसलं की संशय आधी डीकोडिंगवर, म्हणजे फाइल उलगडण्यावर, घ्यायचा.

तुमचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, म्हणजे 2013 साली बाजारात आलेल्या मालिकेतला. एचईव्हीसीचं मानकही मंजूर झालं ते 2013 मध्येच. त्यामुळे ते उलगडणारं वेगळं सर्किट त्या चिपमध्ये असण्याचा प्रश्नच नव्हता. इंटेलकडे ते 8 बिटसाठी सहाव्या पिढीत आलं आणि 10 बिटसाठी सातव्या (बिट म्हणजे रंगछटा किती बारीक आहेत त्याचं माप). तुमच्या यंत्रात सगळा भार प्रोसेसरनं स्वतः उचलायचा, आणि 4के 60 त्याला झेपत नाही.

आता रॅमकडे येतो. तुमचीच फाइल लावून टास्क मॅनेजर उघडला होता. प्रोसेसरचा आलेख 100 टक्क्यांना चिकटलेला, आणि 8 जीबीपैकी जवळपास अर्धी मेमरी रिकामी. 4के चं उलगडलेलं एक चित्र 8 बिटमध्ये सुमारे 12 एमबी जागा घेतं, 10 बिटमध्ये त्याच्या दुप्पट धरा. प्लेअर अशी मोजकीच चित्रं हाताशी ठेवतो. जिथे आधीच निम्मी जागा मोकळी, तिथे आणखी 8 जीबी घालून काय हलणार होतं? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं असतं. रॅम विकून आम्हाला पैसे मिळाले असते, तुम्ही त्या दिवशी समाधानानं घरी गेला असता, आणि व्हिडिओ तसाच अडखळला असता. गिऱ्हाइकानं मागितलं म्हणून उपयोग नसलेली वस्तू गळ्यात मारणं मला पटत नाही.

हार्ड डिस्कचाही संशय तुम्ही घेतला होता. अशा व्हिडिओच्या एका मिनिटाला साधारण 400 एमबी, म्हणजे सेकंदाला 7 एमबीच्या आत वाचावं लागतं. धडधाकट हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी पट वाचते, आणि तुमची डिस्क तपासणीत चांगली निघाली.

रात्री यूट्यूब थांबतं त्याचं मात्र मी इथे बसून ठामपणे सांगणार नाही, कारण ते तुमच्या घरच्या जोडणीवर पाहावं लागेल. एक गोष्ट करून बघा. व्हिडिओ चालू असताना त्यावर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. गोल चक्र फिरतंय, आवाजही बंद पडतोय आणि 'बफर हेल्थ' (पुढचा किती व्हिडिओ आधीच उतरलाय तो आकडा) शून्याजवळ आलंय, तर इंटरनेट कमी पडतंय. राउटरजवळ बसून किंवा केबल लावून पुन्हा बघा. आवाज चालू आहे, बफर भरलेला आहे आणि 'फ्रेम्स'च्या ओळीतला 'ड्रॉप्ड'चा (सोडून दिलेल्या चित्रांचा) आकडा वाढत चाललाय, तर गोष्ट संगणकाची आहे. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारी सोय) चालू आहे ना, ते बघा. आम्ही ते चालू करून दिलं होतं.

फोनच्या व्हिडिओंसाठी बिनखर्चाचा मार्ग आहे. तुमचा मॉनिटर 1920 गुणिले 1080 चा आहे. 4के मध्ये त्याच्या चौपट ठिपके असतात, म्हणजे त्यातला बराचसा तपशील त्या पडद्यावर दिसतच नाही. हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यातलं 'फास्ट 1080पी30' निवडा आणि फाइली रात्रभर लावून ठेवा. त्यातून एच.264 या जुन्या प्रकारची फाइल मिळते, आणि ती उलगडणारं सर्किट तुमच्या चिपमध्ये आहे. मूळ फाइली पुसू नका, उद्या चांगला पडदा आला तर त्याच लागतील. पुढच्या रेकॉर्डिंगसाठी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 1080पी निवडा आणि एचईव्हीसी बंद करा. आयफोनवर हे 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' या नावानं असतं. कुणी कोडेक पॅक (वेगवेगळ्या प्रकारचे व्हिडिओ उघडणाऱ्या प्रोग्रॅमचा संच) टाकायला सांगितलं तर टाकू नका. त्यानं न उघडणारी फाइल कदाचित उघडेल, पण प्रोसेसरची ताकद वाढणार नाही.

आणि 4के तसंच्या तसं बघायचंच असेल तर ग्राफिक्स कार्ड लागेल, पण कुठलंही चालणार नाही. एनव्हिडियाची जीटी 710 आजही नवीन डब्यात मिळते आणि तिला एचईव्हीसी उलगडता येत नाही. जीटी 1030 ला येतं. एव्ही1 हा पुढचा प्रकारही हवा असेल तर नुसतं मालिकेचं नाव बघून फसू नका. एएमडीच्या आरएक्स 6000 मालिकेतल्या मोठ्या कार्डांना ते जमतं, 6400 आणि 6500 एक्सटी यांना नाही. कार्ड दुसरीकडून घेतलंत तरी हरकत नाही, घेण्याआधी मॉडेल मला कळवा, चालेल की नाही ते सांगतो. तुमच्या कॅबिनेटमध्ये जागा कमी आहे आणि पॉवर सप्लायही लहान आहे, तेही जमवावं लागेल.

संगणक पुन्हा घेऊन या, तपासणीचे पैसे लागणार नाहीत. हँडब्रेक मी तुमच्यासमोर लावून दाखवतो. येताना अडखळणारा व्हिडिओ फोनमधून केबलनं पेन ड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला आणू नका, तो दाबून लहान झालेला असतो आणि आमच्याकडे व्यवस्थित चालेल.