उजवा हात समोर

पेपरातल्या फोटोत मी हसतोय असं आमचे शेठ म्हणतात. मी हसत नव्हतो, ऊन डोळ्यांवर आलं होतं. उजवा हात शपथेसाठी समोर, त्यात गुलाबाचं फूल. डावा तळहात उघडा, जणू कुणी त्यावर सुटे पैसे मोजून ठेवणार आहे. पैसे नाहीत, चुना लावून मऊसूत मळलेली तंबाखू आहे. खाली ओळ : ‘व्यसनी नागरिकांना गुलाबपुष्प देऊन प्रबोधन.’

तंबाखू माझी नव्हती. मी जन्मात कधी तंबाखू मळलेली नाही. मी सिगारेटवाला, तोही माजी. परवाच्या ३१ मेला, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिनाला, सिगारेट सोडून मला तेविसावा दिवस होता. अख्ख्या सांगलीत त्या दिवशी प्रबोधनाची गरज सगळ्यात कमी कुणाला असेल तर मला. आणि धरलं कुणाला?

मी मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीत हिशेब लिहितो. दुपारी चारला टपरीवर चहा आणि एक सिगारेट, हा अठरा वर्षांचा नेम. सिगारेट सुटली तरी पाय चार वाजता आपोआप टपरीकडं वळतात. पायांना कुणी सांगितलेलं नाही. त्या दिवशी टपरीवर पोचलो आणि तलफ अशी उसळली की मी खिशातलं निकोटिनचं च्युइंगम तोंडात टाकलं. २ मिलिग्रॅमचं. ते साध्या च्युइंगमसारखं चघळत सुटायचं नसतं. दोनचार वेळा चावायचं, जिभेला झणझण लागली की गालात दाबून धरायचं, झणझण ओसरली की पुन्हा चावायचं. आणि ते तोंडात असेपर्यंत खायचं-प्यायचं काही नाही. म्हणजे मी चहाच्या टपरीवर उभा राहून चहाही पीत नव्हतो. दुसऱ्यांचा बघत होतो.

शेजारी एक आबा उभे होते. हळद घेऊन आलेले, पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, व्हायची वाट बघत. धोतर, टोपी, डाव्या तळहातावर तंबाखू आणि तिच्यावर उजव्या हाताचा अंगठा असा फिरत होता की जगात दुसरं काही कामच नाही. त्यांनी माझ्या गालाकडं बारकाईनं पाहिलं.

“पावनं, कंचा बार भरलाय?”

“बार नाही आबा. गोळी आहे. सिगारेट सोडायची.”

“सोडायसाटी खाता?”

“हो.”

“कितीला?”

“एक गोळी दहाएक रुपयांना पडते.”

अंगठा थांबला. “धा रुपयं? येका बाराला? आन् आसतंय काय त्यात?”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण हिशेबनीस माणूस, विचारलं की खरा आकडा सांगतो. म्हटलं, “निकोटिन.”

“म्हंजी?”

“तंबाखूत असतं, तेच.”

आबांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडं, मग पुन्हा माझ्याकडं. “म्हंजी तंबाखू सोडायला तंबाखूच खायाची. फकस्त दुकान बदलायचं.”

डॉक्टरांनी मला सगळं समजावून दिलं होतं. माणसाला चटक लावतं ते निकोटिन, पण फुप्फुसांची वाट लावतो धूर आणि त्यातला टार, म्हणून धूर आधी तोडायचा आणि निकोटिन हळूहळू कमी करायचं. चांगलं पटलं होतं. पण आबांसमोर त्यातला एक शब्द आठवेना. आबांनी मात्र मला उपदेश सुरू केला. “सिगरेट लई वंगाळ. छाती जळती. आमच्यात कुनी शिवत न्हाई तिला.”

“आणि तंबाखू, आबा?”

“तंबाकूत धूर कुटाय?” असं म्हणून आबा बाजूला वळले आणि आधीच्या बाराची पिचकारी खांबाच्या बुडाशी नेमकी सोडली.

गंमत अशी की गणती आबांच्याच बाजूनं आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे शंभरात चारसुद्धा भरले नाहीत, आणि बिनधुराची खाणारे, लावणारे, चघळणारे शंभरात चोवीस. आमची मावशी पहाटे मशेरी लावते, दहा वाजता लावते, जेवल्यावर लावते आणि मला फोनवर विचारते, “सोडलीस का रे बाबा ती मेली सिगारेट?” गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती कडक आहे ते आमच्या यार्डाच्या भिंतींचे कोपरे सांगतील. पण तंबाखूविरोधी मोहिमेच्या बॅनरवर चित्र कशाचं? सिगारेटचंच. ती चित्रात चांगली दिसते. मशेरीचं काय चित्र काढणार?

तेवढ्यात ती मोहीम आलीच. कॉलेजची पोरं, ढोलकी, एक यमराज आणि पाच फुटी सिगारेट. सिगारेटच्या आत एक पोरगा होता आणि त्या उन्हात पुठ्ठ्याच्या आतून तो कुणाकडं तरी पाणी मागत होता. पथनाट्य सुरू झालं. आता मला सांगा, हे गाव म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. त्या गावात यमराजानं कागद हातात धरून वाक्यं वाचावीत? रेड्याच्या जागी स्कुटी आणली होती, तेवढी कल्पना बरी होती.

नाटक संपल्यावर गुलाब. एका ताईंनी थेट माझ्या हातात फूल दिलं. म्हटलं, “मी ओढत नाही, तेवीस दिवस झाले.” ताई गोड हसल्या. “सगळे असंच म्हणतात, काका.” सार्वजनिक ठिकाणी ओढल्याबद्दल २०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड केला असता तर निदान हुज्जत घालता आली असती. फुलाशी काय भांडणार?

मग माईकवरून पुकारा झाला, “सर्वांनी उजवा हात समोर करा!” आबा कायदा पाळणारे. पण डाव्या हातात तंबाखू, आणि उजवा समोर केला तर मळायचं कुणी? ती नेमकी शेवटच्या टप्प्यावर आलेली. आबांनी क्षणभर विचार केला, मग माझा डावा हात ओढला, तंबाखू त्यावर ओतली आणि म्हणाले, “धरा वाईच. तुमी त्यातलंच की.” आणि स्वतः हात लांब करून खणखणीत आवाजात म्हणू लागले, “मी आशी शपत घेतो की...”

ओतून देता येत नव्हती, माणसाची ठेव होती. मुठीत दाबली असती तर मळलेली मोडली असती. म्हणून मी तळहात उघडा ठेवला. फोटो तेवढ्यात निघाला. शपथ संपेपर्यंत आबांच्या टेंपोवाल्यानं तीन हॉर्न दिले आणि आबा ‘आलो आलो’ करत पळाले. तंबाखू माझ्याकडंच.

मोहिमांवर माझा राग नाही, असं म्हणायचं असतं. आहे. पाकिटावर ८५ टक्के जागा त्या भीतीदायक चित्राला दिलीय, खाली सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर छापलाय. चांगली गोष्ट. पण आमच्याकडं पाकीट घेतो कोण? सगळे एकेक सुट्टी सिगारेट घेतात. सुट्ट्या विक्रीवर राज्यानं २०२० मध्ये बंदी आणली, तरी पाकीट टपरीवाल्याच्या गल्ल्यामागं आणि गिऱ्हाइकाच्या हातात नुसती एक. चित्र बघून सुधारायचं असेल तर टपरीवाल्यानंच सुधारायचं. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत विकायची नाही असाही नियम आहे. आमच्या गावात यार्ड म्हटलं की मार्केट यार्ड, मोजायला कोण जातंय! या सगळ्या उठाठेवीत दुपारी चार ते साडेचार या अर्ध्या तासात माणसानं करायचं काय, हे एकही बॅनर सांगत नाही. गुलाब धरायचा?

मी तंबाखू टाकली, हात तीनदा धुतला. तरी वास बसला तो बसलाच. संध्याकाळभर नाकाशी तळहात नेत होतो आणि मागं घेत होतो. तेवीस दिवसांत इतक्या जवळ मला कुणीच नेलं नव्हतं, मित्रांनीही नाही. रात्री बायकोनं हात हुंगला आणि काही बोलली नाही. ते जास्त लागलं. सकाळी विट्याहून मेहुण्याचा फोन : “भावजी, सिगारेट सोडून तंबाखू? ही काय प्रगती?”

आज टपरीवर गेलो तर बातमीचं कात्रण काचेच्या बरण्यांवर चिकटवलेलं. लोक माझ्या चेहऱ्यासमोर उभे राहून पेटवतात. काढ म्हटलं, तर टपरीवाला म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की दादा. लोकं थांबून वाचत्यात.”

चहा घेतला, वीसची नोट दिली. सुटे नव्हते त्याच्याकडं. अठरा वर्षांच्या सवयीनं त्यानं उरलेल्या पैशात एक सिगारेट पुढं केली.

मी बडीशेपेची पुडी मागितली.

“संपलीय,” तो म्हणाला.