प्रत्येक सीटचं वेगळं सस्पेन्शन

आमची गाडी सात सीटची आहे आणि ती वळणावर डुलते. एवढं एक वाक्य कोल्हापुरात कुणापाशीही बोला. समोरचा आधी गाडी केवढ्याला घेतली ते विचारतो, मग 'तेवढ्यात दुसरी आली असती' म्हणतो आणि मग उपाय सांगतो. आखाड्याबाहेर बसून डाव सांगायची या गावाची सवय जुनी आहे. आतला पैलवान खाली असो की वर, बाहेरच्यांचा डाव ठरलेला असतो.

तक्रारीची सुरुवात घरातूनच झाली. गगनबावड्याला निघालं की फुलेवाडी, बालिंगा, कळे इथपर्यंत सगळे खुशीत असतात. साळवण मागं पडलं की मधल्या सीटवरची बायको खिडकी खाली करते आणि करूळ घाट लागायच्या आतच मागून "अहो, थांबवा" ऐकू येतं. तिला गाडी लागते. तिसऱ्या रांगेत आत्या. ती तिथं हट्टानं बसते, कारण तिथून सगळ्यांवर लक्ष ठेवता येतं. पण मागचं चाक खड्ड्यात गेलं की आत्या छताला जाऊन येते. पुढं माझ्या शेजारी आप्पा. त्यांची कंबर नाजूक, म्हणून गाडी मऊ चालली पाहिजे. चिरंजीव अकरावीत, त्यामुळं गाडी उंच आणि रागीट दिसली पाहिजे. आणि माझं मागणं एवढंच, की वाघबिळाच्या वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं की गाडीनं तिकडं वळावं. आधी विचार करत बसू नये.

आता यातलं एक जमवलं की दुसरं बिघडतं. चाकांवरच्या सस्पेन्शनची स्प्रिंग मऊ ठेवली तर आप्पा खूश, पण वळणावर गाडी कलते आणि बायको खिडकी शोधते. कडक केली तर गाडी नीट वळते, पण आत्या आणि छत यांचे संबंध वाढतात. उंच केली तर फक्त चिरंजीव खूश. वजनाचा मध्य जमिनीपासून जितका वर, तितका वळणावर बाहेरच्या चाकांवर भार जास्त. उंच गाडीचा हा जन्माचा गुण आहे. तो आवरायला खाली अँटी-रोल बार असतो, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक वाकडी सळई. एक चाक दबलं आणि दुसरं सुटलं की ती पिळली जाते आणि गाडीला सरळ करू बघते. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर मात्र ती काहीच करत नाही, नुसती दोघांबरोबर वर जाते आणि खाली येते. बायको आणि आत्या यांचं एकमत झालं की घरात माझंही असंच असतं.

पहिला सल्ला शाहूपुरीतल्या मित्राचा.

"भावा, दोन इंच उचल. लिफ्ट किट टाक. गाडी दिसली पायजे!"

"अरे, डुलतीय म्हणून आलोय मी. आणि तू आणखी उंच कर म्हणतोस?"

"उंच केली की डुलतीय तेबी भारी दिसतंय."

त्याची स्वतःची गाडी इतकी उंच आहे की त्याच्या आईला चढायला स्टूल लागतं. स्टूल गाडीतच ठेवलेलं असतं. पण आई वर गेल्यावर खालचं स्टूल वर कुणी घ्यायचं, हा प्रश्न दर वेळी नव्यानं पडतो. चिरंजीवांना हा मित्र एकदम ज्ञानी वाटू लागला. शेवटी वकील चुलतभावाला मिसळ खाऊ घालून विचारलं. त्यानं कटाचा शेवटचा घोट घेऊन मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी मेळ बसणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलंय, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण. मिसळ वसूल झाली. लिफ्ट किटचा विषय संपला, निदान कागदोपत्री तरी.

दुसरा उपाय सजावटीच्या दुकानातला. गाडीचे सीट कव्हर, सुगंधी बाटल्या आणि सस्पेन्शन, सगळं एकाच काउंटरवर. "काय विषय न्हाई सर, अर्ध्या तासात करून देतो," म्हणत पोरानं रबराचा एक जाड बफर पुढं केला. हा स्प्रिंगच्या वेटोळ्यात ठोकून बसवायचा. वेटोळी दबायची जागा कमी होते, म्हणून स्प्रिंग कडक होते आणि गाडी थोडी वर राहते. स्वस्त आणि मस्त. आप्पांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं दाबून बघितला, नखानं बघितला आणि पोराला विचारलं, "हे गाडीत बसवणार, का माझ्या कंबरेत?"

पुण्याच्या साडूचा सल्ला फोनवरून आला, आणि तो सल्ला कमी, व्याख्यान जास्त होतं. चकती फिरवून कडक-मऊ करता येणारे शॉकअप, म्हणजे चाकापाशी स्प्रिंगजवळ असतात ती नळकांडी, घ्या म्हणे. त्या बोलण्यात 'रिबाउंड', म्हणजे दबलेल्या स्प्रिंगचं परत उसळणं, हा शब्द इतक्या वेळा आला की बायकोनं विचारलं, भाऊजींची तब्येत बरी आहे ना? आप्पांना मात्र ही कल्पना फार आवडली. वळण आलं की मी उतरायचं, चारही चाकांपाशी चकत्या फिरवायच्या, वळण संपलं की पुन्हा उतरायचं.

अखेर उद्यमनगर गाठलं. खरं तर कोल्हापूरच्या माणसानं आधी तिथंच जावं. लेथ, फाउंड्री, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि जगात कुठं मिळत नसलेला बोल्ट 'दुपारी या' म्हणून करून देणारी माणसं. आमचे मिस्त्री बोलायला महाग. मी सात सीट, पाच मागण्या, घाट, कंबर, सगळं सांगत होतो. ते ऐकत नव्हते. त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले, अंगाचा भार टाकला आणि सोडून दिलं. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. गाडीला थांबायची काही घाई नव्हती.

"चांगला शॉकअप एका हेलकाव्यात गप बसतोय," मिस्त्री म्हणाले. "ह्यो मेलाय."

मग खाली झोपून टॉर्च मारला. मागच्या दोन्ही शॉकअपवर तेल ओघळलेलं, त्यावर धूळ बसून काळा लेप. अँटी-रोल बारला चाकाकडच्या भागाशी जोडणाऱ्या दांडीची, म्हणजे लिंक रॉडची, गोटी ढिली. हातानं हलवली तरी खटखट वाजत होती. बार धरून ठेवणारे रबरी बुश घासून लांबट झालेले.

"नवं सस्पेन्शन कुठलं घालू म्हणून इचारालाय तुमी. आहे त्येच शिल्लक न्हाई. नुसत्या स्प्रिंगवर फिरालाय."

इथं त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला महत्त्वाची वाटते, कारण बहुतेक जण गाडीचं वजन शॉकअपच्या डोक्यावर देतात. वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगची उड्या मारायची खोड मोडणं. आत तेल असतं, ते बारीक भोकांतून दाबून जावं लागतं, आणि त्या झटापटीत उडी तिथंच जिरते. म्हणून लांबच्या खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावला तर तो तापलेला लागतो. तेल गेलं की स्प्रिंगला आवरणारं कुणी राहत नाही.

मग त्यांनी माझा तळवा धरून टायरवर फिरवला. जागोजागी चढउतार लागत होते. "चाक रस्त्याला चिकटून राहत न्हाई, नाचतंय. नाचलं की टायर असा खातंय. आता नवा टायर आधी घातलासा तर तोबी असाच जाणार. आधी शॉकअप, चारी. एकाच बाजूचा बदलायचा न्हाई. लिंक, बुश. मग टायर. मग अलाइनमेंट, चाकं सरळ लावून घ्यायची. स्प्रिंगला हात लावायचा न्हाई, ती कंपनीनं शान्या माणसांकडनं करून घेतलीया."

शॉकअप तेलासोबत गॅस भरलेले बसवले, मूळ मापाचे. त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. बिल सोडून.

खरी कसोटी टायरच्या दुकानात. तिथं सगळं घर आलं. टायर एकेक बारा-पंधरा हजाराच्या घरात, म्हणजे निर्णय कौटुंबिक झाला. आमच्या टायरवर लिहिलंय २३५/६५ आर १७ १०४ एच. रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के, आत १७ इंची रिम. १०४ म्हणजे एका टायरनं ९०० किलो उचलायचे, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत टिकायचं. गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागं रांगत चाललो असताना या एचचा मला फार आधार वाटतो.

चिरंजीवांनी दुकानात शिरताच बोट दाखवलं ते चिखलाच्या टायरकडं. मोठमोठे रबराचे ठोकळे, मध्ये बोट जाईल एवढ्या खाचा. मातीत याला तोड नाही. पण डांबरावर हा घोंघावतो, जड असतो, आणि ठोकळ्यांमधल्या मोकळ्या जागेमुळं रस्त्याला टेकणारं रबरच कमी. ओल्या घाटात ब्रेक मारायची वेळ आली की ते जाणवतं. दोन टनांच्या गाडीचा रस्त्याशी संबंध काय, तर चार ठिकाणी, प्रत्येकी पसरलेल्या पंजाएवढा. त्यातलाही वाटा खाचांना द्यायचा?

"आपण चिखलात कधी जातो रे?" मी विचारलं.

"काकांच्या शेतात."

"तिथं आपण गाडी रस्त्यावर लावून चालत जातो."

मुलाच्या हट्टापायी टायरचा विचार करणारा मी काही पहिला बाप नाही. १८८७-८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला. पण त्या पोराला हादरे नको होते. आमच्या पोराला फोटो पाहिजे होता.

दुकानदाराचा जोर 'ऑल टेरेन'वर, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीवर चालणाऱ्या टायरवर, मधला मार्ग म्हणून. त्याच्या मागं त्याच टायरची छतापर्यंत रास लागली होती, हा योगायोग असेल. मग त्यानं रुंद टायर सुचवला, २५५/६०. उंची जवळजवळ तीच राहते, त्यामुळं स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, हे त्याचं बरोबर होतं. पण रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगायला लागतो, आणि जूननंतर गगनबावड्याच्या रस्त्यावर पाण्याशिवाय दुसरं असतं काय? मूळ मापाचा, साधा रस्त्याचा, पाणी बाहेर काढायला लांब खाचा असलेला टायर ठरला.

तेवढ्यात आप्पांनी चष्मा आणि टॉर्च काढला. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२३ म्हणजे २०२३चा बत्तिसावा आठवडा. ही विद्या आप्पांना कुणी शिकवली कळेना, पण त्यांनी एकेक टायर फिरवून वाचायला आणि बाजूला काढायला सुरुवात केली.

दुकानदार वैतागला. "काका, टायर हाय, दूध न्हवं!"

"दूध असतं तर गंगावेशीत म्हशीखालनं समोर काढून घेतलं असतं. तुमचा टायर समोर काढून देताय काय?"

टायर एकाच आठवड्यातले चार मिळाले. नायट्रोजन भरायचा आग्रहही झाला. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, उरलेल्या २२ टक्क्यांसाठी आप्पा पैसे द्यायला तयार नव्हते.

अलाइनमेंट करून बाहेर पडलो आणि पंपावर हवा तपासायला थांबलो. दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर दाब छापलेला असतो. मी आकडा सांगितला तर पंपावरचा पोरगा म्हणाला, "सर, काका तर पंचवीसच ठेव म्हणत्यात दर वेळी." मी शेजारी बघितलं. आप्पा दुसऱ्या खिडकीतून पंपाचा बोर्ड वाचत होते. हवा कमी म्हणजे कंबरेला मऊ. आणि वळणावर टायरची बाजूच दुमडते, तेव्हा वर सोन्याचे शॉकअप बसवले तरी गाडी डुलणारच.

वाघबिळातून पन्हाळ्याला गेलो. गाडी फिरवली तिकडं वळली. बायकोनं खिडकी उघडली ती कणीस घ्यायला. स्पीडब्रेकरवर मागून आवाज आला तेव्हा मी आरशात बघितलं. आत्या डोकं चोळत होती, पण समाधानी दिसली. "आता एकदाच आपटते," ती म्हणाली. "आधी दोनदा आपटायची." शॉकअपबद्दल इतकं नेमकं मिस्त्रीही बोलले नव्हते.

शाहूपुरीच्या मित्रानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकला, वर बघितलं. "एवढं पैसं घातलास, आणि दिसत काय न्हाई?" चिरंजीवांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू अखेर कुणीतरी समजून घेणारा भेटला.

पुढचे दिवस जुन्या टायरांचे. काकांना वैरणीच्या गंजीवरची ताडपत्री दाबायला एक पाहिजे. आप्पांना पावसाळ्याआधी मागच्या पत्र्यावर एक ठेवायचाय, वाऱ्यात पत्रा उडतो. आत्याला अळू लावायला एक. तालमीत जाणारा पुतण्या एक उचलून बघून गेला आणि हलका आहे म्हणाला, तरी नेतो म्हणाला. चौघांचं ठरलं आणि रात्री मित्राचा फोन आला, मुलाला झोपाळा करायला एक टायर दे. आप्पांनी फोनवरचं सगळं ऐकलं, टॉर्च घेतला आणि स्टेपनीचं साल बघायला गाडीखाली वाकले.