अहवाल तीन तास लिहिला, म्हणजे झाला का?

साहेबांनी अहवालाचं विचारलं होतं. तीन तास खपून मी तो पुरा केला होता, म्हणून ताठ मानेने एका ओळीचा ईमेल ठोकला : ‘आय रोट द रिपोर्ट फॉर थ्री अवर्स.’

उत्तर आलं : ‘अँड?’

मी त्या ‘अँड’कडे बराच वेळ बघत बसलो. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवलं. त्यांचं इंग्रजी बरं आहे आणि ते त्यांना माहीतही आहे.

“अहो, तीन तास लिहीत बसला होतात, एवढंच सांगितलंत तुम्ही. झाला असं कुठे म्हणालात? ‘इन थ्री अवर्स’ हवं.”

एका ‘फॉर’ने माझा पुरा झालेला अहवाल अर्धवट करून ठेवला होता!

मराठीत मी असा तोंडघशी पडलो नसतो. ‘तीन तास लिहीत बसलो’ म्हटलं की ऐकणारा समजतो, याचं काही झालेलं नाही. ‘तीन तासांत लिहून काढला’ म्हटलं की समजतो, सुटला. ‘बसलो’ आणि ‘काढला’ ही दोन इमानी क्रियापदं सगळा भार उचलतात. इंग्रजीत तो भार पडतो एवढ्याशा शब्दयोगी अव्ययावर, आणि तेही नामाच्या आधी येऊन बसलेलं. वाक्य तोंडातून निघेपर्यंत ते कुठलं होतं, याचा मलाच पत्ता नसतो.

त्या रात्री हट्टाने वाचत बसलो (म्हणजे ‘फॉर’!). झीनो वेंडलर नावाच्या तत्त्वज्ञाने १९५७ साली एका निबंधात क्रियापदांची चार गटांत वाटणी केली : अवस्था, नुसती चालणारी क्रिया, शेवटाला जाऊन पुरी होणारी क्रिया आणि क्षणात घडणारी. त्याचं उदाहरण मला लगेच पटलं. हातगाडी ढकलणारा मध्येच थांबला तरी त्याने गाडी ढकलली, हे खरंच. वर्तुळ काढणारा मध्येच थांबला तर त्याने वर्तुळ काढलेलं नाही. माझा अहवाल वर्तुळ होता आणि मी तो हातगाडीसारखा ढकलला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सुखी झालो असतो. पण क्रियापद तेच ठेवून नुसतं कर्म बदललं तरी गट बदलतो. ‘रॅन’ला ‘फॉर’, पण ‘रॅन अ माइल’ला ‘इन’, कारण मैल संपतो. एक पुस्तक दोन तासांत वाचून होतं, तिथे ‘इन’ चालतं. ‘पुस्तकं’ असं मोघम म्हटलं की ती संपतच नाहीत, पुन्हा ‘फॉर’. किल्ली तासभर शोधली तर ‘फॉर’, तासाने सापडली तर ‘इन’. तासभर सापडत राहणारी किल्ली इंग्रजीतही नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. आणि नकार आला की सगळं उलटंपालटं. दोन दिवस झोपलो असेन तर ‘फॉर टू डेज’. दोन दिवस झोपलो नसेन तर ‘इन टू डेज’सुद्धा चालतं, विशेषतः अमेरिकेत. ‘सिन्स’बद्दल मी बोलणार नाही. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणत मी जितकी वर्षं काढली, ती या जन्मात दुरुस्त व्हायची नाहीत.

बाईंनीच पळवाट दाखवली : “‘इट टुक मी’ म्हणा. लागला वेळ, झालं काम. ‘फॉर’ नको, ‘इन’ नको.”

‘लागला’! ही तर आपलीच माणसं. आपल्याकडेही वेळ लागतो, आणि लागला म्हटलं की काम झालेलं असतं. चाळीस मिनिटं खर्चून मी सुधारित ईमेल तयार केला : ‘इट टुक मी थ्री अवर्स टू राइट द रिपोर्ट.’ तीनदा वाचला. निर्दोष. पाठवला.

उत्तर आलं : ‘व्हेअर इज इट?’

फाइल जोडायची राहिली होती.

घाईघाईने लिहायला घेतलं : ‘सॉरी, आय विल फिक्स इट इन टेन मिनिट्स.’ आणि बोट थबकलं. दहा मिनिटं लागतील, की दहा मिनिटांनी हात लावीन? या ‘इन’चे तर दोन्ही अर्थ होतात. शेजारी बघितलं, तर बाई जागेवर नव्हत्या.

ती ओळ पुसून टाकली. एक शब्द न लिहिता नुसती फाइल पाठवून दिली.